बोलका फोन आणि मुकी बटणं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारी दोनचा सुमार. ओटा आवरून झाला होता आणि आता घटकाभर पाठ टेकावी म्हणत होते, तोच दाराची घंटा वाजली. पाहते तो दारात माझी घाटकोपरची मैत्रीण! छत्री मिटलेली, पांढरी काठी भिजलेली आणि खांद्याला पिशवी. फोन न करता ती कधी येत नाही, म्हणून मी जरा घाबरलेच.

“घरी कोण आहे?” तिने आत पाऊल टाकायच्या आधी विचारले.

“कुणी नाही. का गं?”

“मग दार लाव. एक फॉर्म भरून दे.”

मैत्रिणींनो, तिचे नाव सांगत नाही, तिनेच तशी ताकीद दिली आहे. एवढेच सांगते, की ती जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करते, आणि आपण जेवढ्या वेळात कुकर लावतो तेवढ्याच वेळात तीही लावते. तिच्या हातचं सांबार तर माझ्यापेक्षा चांगलं होतं! घाटकोपरहून स्लो गाडीने ती एकटी मुलुंडला येते. पूर्वी विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप अशी बोटांवर स्टेशने मोजावी लागत. आता गाडीच पुढच्या स्टेशनाचे नाव पुकारते, त्यामुळे ती निर्धास्त असते. आणि खरे सांगा, त्या पुकारण्याचा उपयोग एकट्या तिलाच होतो का? गर्दीत चेपून उभ्या राहिलेल्या तुम्हाआम्हाला तरी खिडकीबाहेरची पाटी कुठे दिसते?

तर फॉर्म. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचे, तर आधी त्यांच्या साईटवर वेळ घ्यावी लागते. ही तीन दिवस प्रयत्न करीत होती. तिचा फोन बोलतो. पडद्यावर बोट फिरवले की बोटाखाली जे असेल ते तो वाचून दाखवतो. मला ऐकू यावे म्हणून तिने आवाज मोठा केला. फोन म्हणाला, “बटण. बटण. बटण. चित्र. बटण.”

“कळलं काही?” तिने विचारले.

मला काय कळणार, कपाळ! मी पडद्याकडे पाहिले. तिथे पाच सुरेख रंगीत चौकोन होते. एकावर हृदयाचे चित्र, एकावर बाळाचे, एकावर दाताचे. डोळस माणसाला एका नजरेत समजावे अशी छान सोय. पण त्या चित्रांमागे शब्द लिहिलेलेच नव्हते, मग फोन बिचारा वाचणार काय? सगळ्याच्या शेवटी वेड्यावाकड्या अक्षरांचा तो चौकोन, ‘आपण यंत्र नाही हे सिद्ध करा’ म्हणणारा. तिथे तिची गाडी कायमचीच अडली होती.

“अगं, मग भाच्याला सांगायचंस ना,” मी म्हणाले. तिचा भाचा तिच्याच मजल्यावर राहतो, कॉलेजात आहे, गुणी मुलगा आहे.

ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, “त्या फॉर्मात तक्रार काय आहे ते निवडायचं असतं. त्याला काय सांगू? की माझी पाळी जायच्या वेळेला आली आहे आणि महिन्यातले वीस दिवस अंगावर जातं म्हणून?”

माझ्याजवळ यावर उत्तर नव्हते. आपण डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर नवऱ्यालासुद्धा बाहेर बसायला सांगतो, हो की नाही? तिच्या नशिबी मात्र खोलीत शिरण्याआधीच कुणाला तरी सगळे सांगणे आले. फॉर्म आम्ही दोघींनी मिळून दहा मिनिटांत भरला.

पण ते तिथेच संपले नाही. डॉक्टरांनी पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. आठ दिवसांनी फोनवर रिपोर्ट आला. तो आला कसा, तर कागदाचा फोटो काढून चिकटवलेला. तिच्या फोनने सांगितले, पानावर मजकूर नाही. फोटोतली अक्षरे ओळखून वाचणारी अ‍ॅप हल्ली मिळतात, तिने तीही लावून पाहिली. पण तक्त्यातले आकडे आणि शब्द आडवे-उभे एकमेकांत मिसळून गेले आणि अर्धे वाक्य ऐकून ती जास्तच घाबरली. पुन्हा ती मुलुंडला आली. मी वाचायला बसले.

“सगळं वाच,” ती म्हणाली. “गाळू नकोस काही. लोक मला वाचून दाखवताना नेहमी गाळतात. मला कळतं ते.”

मी इंग्रजीतला एकेक अवघड शब्द अडखळत वाचत होते आणि ती मांडीवर हात घट्ट दाबून ऐकत होती. रिपोर्ट चांगला निघाला, काळजीसारखे काही नव्हते. पण तो निघाला नसता तर? तर ते आधी मला कळले असते आणि मग तिला. तिचे शरीर, तिची पिशवी, आणि बातमी आधी मुलुंडच्या मैत्रिणीला! त्या दिवसापासून या विषयाने माझ्या डोक्यात घर केले आणि मी मिळेल त्याला विचारत सुटले, की अशी साईट करणे एवढे का अवघड आहे?

उत्तर ऐकाल तर चकित व्हाल. अवघड मुळीच नाही.

आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीचाच विचार करा ना. एका मापाचे, एका घाटाचे बारा स्टीलचे डबे ओळीने लावले आहेत आणि एकावरही चिठ्ठी नाही. ज्या बाईने लावले तिला डाळ कुठे नि रवा कुठे ते ठाऊक असते. चार दिवस माहेराहून आलेल्या नणंदेला मात्र प्रत्येक झाकण उघडून पाहावे लागते. साईटवरच्या बटणांचे अगदी असेच आहे. प्रत्येक बटणाला, प्रत्येक चित्राला आतून एक चिठ्ठी लावता येते. ती आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण बोलका फोन ती वाचतो. हृदयाच्या चित्रामागे ‘हृदयरोग विभाग’ एवढे दोन शब्द लिहायला कारागिराला किती वेळ लागतो? मी एका ओळखीच्या संगणकवाल्या मुलाला विचारले. तो हसला आणि म्हणाला, “मावशी, चहा थंड व्हायच्या आत होतं. पण आम्हाला कुणी सांगतच नाही.”

हे काही कालपरवा सापडलेले शास्त्र नव्हे. इंटरनेटच्या पानांची शिस्त ठरवणारी जी जागतिक संस्था आहे, तिने याचे नियम पहिल्यांदा ५ मे १९९९ रोजी प्रसिद्ध केले. आपल्या सरकारने आपल्या साईटींसाठी २००९ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आणि गंमत सांगू? आपण कुकर घेताना ज्या आय. एस. आय. च्या शिक्क्यासाठी तो उलटापालटा करून पाहतो, तो शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोनेच साईट आणि अ‍ॅप सर्वांना वापरता यावीत म्हणून आय. एस. १७८०२ नावाचे मानक २०२१–२२ मध्ये दोन भागांत काढले आहे. कुकरचा शिक्का आपण आवर्जून पाहतो. या मानकाचे नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकले होते? मी तर नव्हते ऐकले.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात काही कुणी दृष्टिहीन नाही. बरं, सासूबाईंच्या मोतीबिंदूचे काय? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे लिहायची फॅशन हल्ली बोकाळली आहे, ती त्यांना दिसतात का? नियम असा आहे, की साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक निदान साडेचारास एक या प्रमाणात असावा. सासऱ्यांचा हात कापतो, त्यांचे बोट बारक्या बटणावर बरोबर पडते का? फॉर्म भरता भरता वेळ संपून सगळे पुसले जाते, तेव्हा ते फोन टाकून देतात आणि ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणून तुमच्यावर डाफरतात, ते कशामुळे? ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी ‘अधिक माहितीकरिता या क्रमांकावर फोन करा’ ही ओळ म्हणजे बंद दारच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यातल्या महाराष्ट्रातल्या सुमारे २९ लाख ६३ हजार. त्या मोजणीत म्हातारपणाने नजर अधू झालेल्या सगळ्याच सासवा थोड्याच धरल्या असतील!

(‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, यावर मी माझ्या मैत्रिणीला विचारले. ती म्हणाली, “तू मला आंधळी म्हण हवं तर. पण फॉर्म माझा मला भरू दे.”)

या प्रश्नाचे सगळ्यात मोठे उदाहरण आपण सगळ्यांनीच पाहिले आहे, फक्त तेव्हा आपल्या लक्षात आले नाही. कोरोनाची लस आठवते ना? १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या मंडळींना लस खुली झाली, पण तिच्यासाठी को-विन या साईटवर नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे होते. मुंबईत वेळा उघडत आणि काही मिनिटांत संपत. घराघरांतून मुले डोळ्यांत तेल घालून फोनशी बसलेली असत. बोरिवलीच्या मुलाला मुलुंडची, अंधेरीच्या मुलीला दहिसरची वेळ मिळाली तरी पेढे वाटावेत असा आनंद! जिथे तरणीताठी, डोळस, चलाख बोटांची मुले हरत होती, तिथे बोटाने चाचपत, एकेक शब्द ऐकत जाणाऱ्याची काय कथा?

हे गाऱ्हाणे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोरोनाच्या काळातल्या औषधे, प्राणवायू आणि लस यांच्या प्रश्नाची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. नागेश्वर राव आणि न्या. रवींद्र भट यांच्यापुढे ते प्रकरण चालले. ३१ मे २०२१ च्या आदेशात न्यायालयाने को-विनच्या उणिवा एकेक करून नोंदवल्या, त्या वाचताना मला माझ्या मैत्रिणीच्या फोनचाच आवाज ऐकू आला. त्या वेड्यावाकड्या अक्षरांना ऐकून ओळखण्याचा पर्याय नाही. वयोगट, लशीचे नाव, फुकट की विकत हे निवडण्याच्या खुणा बोलक्या फोनला नीट समजत नाहीत. जागा किती शिल्लक आहेत ते कळते, पण त्या कोणत्या लशीच्या नि कुणासाठी ते कळत नाही, कारण तक्त्याचा मथळा आणि खालचा रकाना एकमेकांना जोडलेलेच नाहीत. माउसशिवाय नुसत्या कळफलकावर काम करता येत नाही. आणि अपंग व्यक्तीला मध्येच बाहेर न फेकता पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. को-विन आणि आरोग्य सेतू या दोहोंची अपंगांच्या दृष्टीने तपासणी करून घ्या, असे न्यायालयाने सांगितले.

विचार करा, देशातले सर्वांत मोठे न्यायालय आणि तिथे चर्चा कशाची, तर तक्त्याच्या मथळ्याची! पण त्या मथळ्यावरच कुणाला लस मिळणार नि कुणाला नाही हे ठरत होते.

को-विनवर मराठीसुद्धा त्यानंतरच, २०२१ च्या जून महिन्यात आली. तोवर इंग्रजी न येणारी प्रत्येक बाई एका अर्थी माझ्या मैत्रिणीच्याच रांगेत उभी होती. आणि जी माणसे अंथरुणाला खिळली होती त्यांना तर वेळ मिळूनही काय उपयोग? त्यांच्यासाठी धृती कापडिया आणि कुणाल तिवारी या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. बरीच घासाघीस झाली. शेवटी जुलै २०२१ च्या अखेरीस महापालिकेने घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली, ती प्रथम आपल्या उपनगरात, के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी पूर्व आणि जोगेश्वरीच्या बाजूला. त्यासाठी रुग्ण पुढचे सहा महिने तरी उठू शकणार नाही असा डॉक्टरांचा दाखला लागे.

कायदा आपल्या बाजूला आहे, हे आवर्जून लक्षात ठेवा. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात २१ आहेत. इमारतींचे उतार आणि लिफ्ट यांच्याबरोबरच माहिती आणि संगणकावरच्या सेवाही सर्वांना वापरता आल्या पाहिजेत, असे त्यात स्पष्ट आहे. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. तरी घोडे अडले कुठे? नियमांत अशी पळवाट होती, की या गोष्टी ‘करा’ म्हणण्याऐवजी ‘केल्या तर बरं’ अशा सुरात लिहिलेल्या होत्या. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ सालापासून न्यायालयात पाठपुरावा केला आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच रद्द ठरवून सक्तीचे निकष करायला सांगितले. एकोणीस वर्षे! एवढ्यात आपल्याकडे पोरगी जन्मून कॉलेजात जाते.

प्रज्ञा प्रसून यांची हकीकत तर ऐकताना मन गलबलते. या अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या बाई. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, असे यंत्र सांगत होते आणि त्यांना ते करता येणे शक्य नव्हते. त्या आणि अमर जैन हे दृष्टिहीन वकील, दोघे वेगवेगळे न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी निकाल दिला, की अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापणी हलवता येणे म्हणजेच जिवंत असणे नव्हे, हे यंत्राला कुणी तरी सांगायलाच हवे होते.

आता आपल्या हातात काय आहे ते बघू. आधी आपल्याच घरातला फोन घ्या. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ म्हणून एक दालन असते. पुष्कळजणी तिकडे कधी फिरकतच नाहीत. तिथे अक्षरे मोठी करता येतात, ठळक करता येतात. सासूबाईंच्या फोनवर आजच करून द्या, नवा चश्मा लागण्याआधी तेवढे तरी होऊ दे. तिथेच ‘टॉकबॅक’ असते, तोच तो बोलका फोन. मराठीतही बोलतो. मात्र बरं का, सुरू करण्याआधी बंद कसे करायचे ते पाहून ठेवा! सुरू झाले की फोनची रीतच बदलते. एकदा टेकवले तर नुसते वाचून दाखवतो, दोनदा टेकवले तर उघडतो, आणि पान सरकवायला दोन बोटे लागतात. आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद एकदम दाबून ठेवल्या, की पुष्कळ फोनांवर ते बंद होते. मी हे न वाचता सुरू केले आणि संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंत फोन माझ्याशी अखंड बोलत होता. संगणकासाठी एन. व्ही. डी. ए. नावाचा वाचक मिळतो, तो चकटफू आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली त्याचे काम सुरू केले, कारण विकतचे वाचक खिशाला परवडणारे नव्हते.

मग आपल्या नेहमीच्या रुग्णालयाची किंवा पालिकेच्या दवाखान्याची साईट उघडा आणि डोळे मिटून वेळ घ्यायचा प्रयत्न करा. संगणक असेल तर माउस बाजूला ठेवा आणि नुसती ‘टॅब’ची कळ दाबत फॉर्म पुरा करून पाहा. अडलात? कुठे अडलात तेवढे दोन ओळींत लिहून त्या संस्थेला पाठवा. ‘तुमची साईट वाईट आहे’ असे लिहू नका, त्याने कुणाचे काही हलत नाही. ‘नोंदणीच्या तिसऱ्या पानावरचे चित्र बोलका फोन वाचत नाही, त्याऐवजी फोनवर येणाऱ्या आकड्यांची सोय करा’ असे लिहा. काम सोपे करून दिले की माणसे करतात, हा आपला घरातलाही अनुभव आहेच. आणि दाद लागलीच नाही, तर या कायद्याखाली राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्याला बसतात, त्यांच्याकडे तक्रार करता येते. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे.

आम्ही दोघींनीही त्या रुग्णालयाला पत्र लिहिले. मजकूर तिचा, अक्षर माझे. सही तिने स्वतः केली. महिनाभर काहीच नाही. मग एक दिवस तिचा फोन आला, “अगं, ती वेडीवाकडी अक्षरं गेली! आता आकडे मेसेजमध्ये येतात. मी आत्ताच माझी मी वेळ घेतली. विभागांच्या बटणांनासुद्धा नावं आली आहेत, फक्त दाताचं बटण अजून नुसतं बटणच म्हणतं.”

“आणि रिपोर्ट?”

“रिपोर्टचा अजून फोटोच येतो. दुसरं पत्र लिहू या. पुढच्या बुधवारी तपासणी आहे, गुरुवारी रिपोर्ट येईल. दुपारी येते तुझ्याकडे. सांबार घेऊन येते, तू फक्त भात टाक.”